नवव्या दरवाज्याची राणी

“बाबा, राणी झाली का?”

वृषालीने मोरीतूनच विचारलं, तोंडात टूथब्रश तसाच. हिम्मतराव खिडकीशी टेबलाला पोट लावून बसले होते. पुढ्यात जुनं वर्तमानपत्र, त्यावर रंगाच्या चिमुकल्या डब्या आणि मधोमध बोटभर उंचीची, करड्या प्लास्टिकची राणी. मागच्या रविवारीही ती अशीच करडी होती आणि त्याच्या मागच्याही.

“होतेय,” ते म्हणाले. “हवा दमट आहे. रंग धरत नाही.”

“मार्चमध्ये? हैदराबादेत? दमट?” वृषाली चूळ भरून बाहेर आली. “अय्यो बाबा, निदान कारण तरी बरं शोधा!”

“नाचता येईना अंगण वाकडं,” स्वयंपाकघरातून रजनीताईंचा आवाज आला. “आधी ब्रश खराब होता, मग लाल रंग मिळत नव्हता. आता हवा. उद्या म्हणतील, राणीच ऐकत नाही.”

हिम्मतराव हसले. उजवा हात त्यांनी टेबलाखाली मांडीवर दाबून धरला होता.

आता ही राणी कोण, ते सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी रजनीताईंचा भाऊ अमेरिकेहून आला तेव्हा भाचीसाठी एक भलं मोठं खोकं घेऊन आला. आत एक खेळ. “मी काय लहान आहे का मामा?” म्हणून वृषालीने ते माळ्यावर टाकलं. ती तेव्हा कॉलेजात. त्याच सुमारास हिम्मतराव नोकरी सोडून घरी बसले होते. सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी उभा जन्म नकाशे ट्रेस करण्यात घालवला. मग तिथे कॉम्प्युटर आले आणि साहेबांनी गोड बोलून सगळ्या ट्रेसरांना स्वेच्छानिवृत्तीचे कागद दिले. त्यात स्वेच्छा कुणाची होती, ते विचारू नका. दुपार खायला उठायची. अशाच एका दुपारी त्यांनी माळ्यावरून ते खोकं काढलं.

साधा सापशिडीसारखा खेळ नव्हता तो. एक किल्ला, त्याला नऊ दरवाजे. एकेक दरवाजा सर करायला कित्येक रविवार लागायचे, आणि मागच्या रविवारी जे झालं ते पुढच्या रविवारी विसरायचं नाही. जखमी तो जखमी, मेला तो मेला. चौघांनी मिळून किल्ल्याच्या पार जायचं. हिम्मतरावांचा भालेवाला, रजनीताईंची वैद्यीण, वृषालीची धनुष्यवाली पोरगी आणि समोरच्या घरातल्या कुद्दूसभाईंचा पहिलवान. कुद्दूसभाईंचं काचीगुड्याला चष्म्याचं दुकान होतं. रविवारी ते बंद, म्हणून चौथा गडी आयता मिळाला.

पहिल्या रविवारी सगळ्या बाहुल्या करड्याच होत्या. कुद्दूसभाईंनी मोठ्या आवेशाने एक राक्षस लोळवला, तो नेमका रजनीताईंच्या वैद्यिणीचा सोबती निघाला. “क्या करूं भाभी, सब एकीच सूरत के हैं!” त्या दिवशी हिम्मतरावांनी नियम केला: रंगवल्याशिवाय बाहुली पटावर येणार नाही. खेळाच्या पुस्तकात असला नियम नव्हता. पण या घरात तो पुस्तकाहून मोठा झाला. पुढच्या दरवाज्यामागे जे कोण असेल त्याला आठवडाभर रंगवायचं आणि रविवारी पटावर उतरवायचं. आता उरली होती ती शेवटच्या, नवव्या दरवाज्यामागची ही राणी. सुलतान बाजारातून रंग यायचे, कुद्दूसभाई दुकानातलं भिंग द्यायचे. हिम्मतराव राक्षसांच्या पापण्यासुद्धा रंगवायचे. ड्रॉइंग ऑफिस गेलं तरी हात गेला नाही, असं तेव्हा ते सगळ्यांना सांगायचे.

आणि दिवाळीनंतर हातच निघाला जायला.

आधी अंगठ्याचं थरथरणं, मग मनगटाचं. काही करायला गेलं की कमी व्हायचं, नुसतं बसलं की वाढायचं, मग काही करतानाही थांबेना. हिम्मतरावांनी घरात कुणाला सांगितलं नाही. फासे टाकायची पाळी आली की म्हणायचे, “रजनी, तू टाक गं माझे, तुझा हात लकी आहे.” एरवी हात खिशात. झाकली मूठ सव्वालाखाची!

नुसता ताठा असता तर कदाचित त्यांनी सोडलाही असता. पण बुधवारी बेगमपेठेच्या विमानतळावरून वृषाली नोकरीसाठी अमेरिकेला निघणार होती. अमीरपेठेत कॉम्प्युटरचा कोर्स केला, रात्रंदिवस अभ्यास केला, व्हिसाही आला. आणि या पोरीचा स्वभाव बापाला माहीत होता. गेल्या वर्षी आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं तेव्हा हिने बेंगलोरची हाती आलेली नोकरी बसल्या जागी सोडून दिली होती. “आईला बघायला कोण आहे?” म्हणाली, संपलं. आता बापाचा हात पाहिला तर पासपोर्ट कपाटात जाणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं. म्हणून ते सबबी सांगत राहिले. घरातल्यांनी त्यांचा सोपा अर्थ लावला: बाबांना खेळ संपवायचाच नाही, लेक जाणार म्हणून जीव तुटतोय. हिम्मतरावांनी तो समज राहू दिला. प्रेमळ म्हणवून घेणं परवडलं.

पण आजचा रविवार शेवटचा. “आज संपलाच पाहिजे,” वृषालीने कालच बजावलं होतं. “अर्धा खेळ ठेवून मी जाणार नाही, सांगून ठेवते!”

मायलेकी उरलीसुरली खरेदी करायला कोटीच्या बाजारात गेल्या आणि हिम्मतरावांनी दाराला कडी घातली. झगा निळा, तो कसाबसा झाला. डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी मुकुट पिवळा केला. घाम फुटला होता. पंखा बंद केला, परत लावला, उठून पाणी प्यायले, परत बसले. मग ओठ. लाल रंगाचा एक ठिपका, बस्स. ब्रश चेहऱ्याशी नेला आणि हात असा काही उडाला की राणीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत लाल फराटा ओढला गेला.

“अरे रांडेच्या!” ते स्वतःच्याच हातावर ओरडले.

मग त्यांनी ती चूक केली, जी पहिल्या महिन्यात नवशिक्यानेही केली नसती. फराटा पुसायला थिनरचा बोळा घेतला आणि चेहऱ्यावर दाबला. थिनरने प्लास्टिक विरघळतं हे त्यांनीच तर सगळ्यांना शिकवलं होतं! पण डोकं ठिकाणावर होतं कुठे? बोळा उचलला तेव्हा नाक, डोळे, ओठ सगळं एक झालं होतं. मुकुटाखाली नुसता गुळगुळीत लालसर गोळा.

दारावर थाप पडली. “खोलो मियाँ, मैं हूँ.”

कुद्दूसभाई आत आले, टेबलाकडे बघितलं, राणी उचलून भिंगाखाली धरली आणि परत ठेवली.

“हाथ की वजह से हुआ ना?”

हिम्मतराव दचकले. “कौन बोला?”

“कौन बोलता? दिन भर चश्मों के इत्ते इत्ते स्क्रू कसता मैं. लोगां के हाथ नै देखता क्या? दिवाली से देख रा हूँ. आप नै बोले तो मैं बी चुप बैठा.”

“वृषालीला बोलू नका भाई. हात जोडतो. वो जाती नै फिर.”

“मैं नै बोलता,” कुद्दूसभाई खुर्चीत बसले. “मगर हौलेपन की, पागलों जैसी बातां नक्को करो. बच्ची को वहाँ जाको मालूम पड़ा, फिर? उनो आपको माफ करेगी?”

बाहेर रिक्षा थांबली.

वृषाली पिशव्या घेऊन आत आली ती थेट टेबलाशी. राणी बघून हसायलाच लागली. “हे काय बाबा! मुद्दाम केलंत ना? आता म्हणाल, राणी नाही तर खेळ नाही. कमाल आहे तुमची!”

सबब तयार होती. हो म्हणायचं आणि गप्प बसायचं. हिम्मतरावांनी कुद्दूसभाईंकडे पाहिलं; ते भिंग पुसत होते. रजनीताई दारातच उभ्या होत्या, चेहरा उतरलेला. तिलाही माहीत आहे की काय? माहीतच होतं तिला. कधीपासून, कोण जाणे.

“मुद्दाम नाही,” ते म्हणाले. खिशातून उजवा हात काढला आणि वृषालीपुढे धरला. “हे बघ. हे असं आहे.”

हात थरथरत होता. वृषालीने पिशव्या खाली ठेवल्या.

“कधीपासून?”

“झाले काही महिने.”

“आणि डॉक्टर?”

“जाईन ना. तू गेल्यावर.”

“मी जात नाही,” वृषाली म्हणाली. ठरल्यासारखं, एका दमात. “तिकीट कॅन्सल करते. आई, तुला माहीत होतं? आणि मला सांगितलं नाहीस? काय लोक आहात तुम्ही!” रजनीताईंनी पदर तोंडाला लावला.

“पट मांड,” हिम्मतराव म्हणाले.

“बाबा, हे काय खेळायचं...”

“मांड म्हणतो ना! जायचं की नाही ते नंतर बघू. खेळ संपवायचं कबूल केलंयस. रंगवलेली राणी आहे, नियमात बसते. तोंड असलंच पाहिजे असं कुणी म्हटलंय?”

कुद्दूसभाईंनीच पट मांडला. नवव्या दरवाज्याचा नियम सोपा होता आणि दुष्ट. राणी दार लावू बघते. एकाने उंबरठ्यावर उभं राहून ते अडवायचं. दर पाळीला त्याने चार किंवा वर टाकले की दार उघडं राहतं आणि एक जण बाहेर पडतो. कमी पडले की दार बंद, उंबरठ्यावरचा मेला आणि आत राहिलेलेही अडकले. बाकीचे सगळे सुटले तरी दार धरणारा मागेच राहतो आणि मरतो.

“मेरा पहिलवान किस लिए है?” कुद्दूसभाईंनी आपली बाहुली पुढे केली.

“नक्को,” हिम्मतरावांनी ती बाजूला सारून भालेवाला उंबरठ्यावर ठेवला. रजनीताईंनी सवयीने फासा उचलला, तो त्यांनी काढून घेतला. “आज मी टाकतो.”

फासा त्यांच्या तळहातावर आपोआपच खुळखुळायला लागला. “देखो,” कुद्दूसभाई म्हणाले, “हिलाने की मेहनत बी बची!” कुणी हसावं की नाही कळेना, मग हिम्मतरावच मोठ्याने हसले आणि फासा टाकला. पाच. रजनीताईंची वैद्यीण बाहेर पडली. परत टाकला. चार, जेमतेम. पहिलवान बाहेर.

आत उरली धनुष्यवाली पोरगी.

“बाबा, मी उंबरठ्यावर थांबते,” वृषाली म्हणाली. “तुम्ही निघा. अदलाबदल करता येते, पुस्तकात आहे.”

“येते. पण करायची नाही.”

“तुमचा भालेवाला मागे राहील.”

“राहू दे.”

“मरेल तो!”

“कधी ना कधी मरायचाच आहे. म्हणून काय तू इथे बसून राहणार?” हिम्मतरावांचा आवाज चढला, असा तो या घरात क्वचितच चढायचा. “तीन वर्षं कशासाठी खेळलो मग? तुम्ही बाहेर पडावं म्हणूनच ना? तुझ्यासाठी मी दार धरलं आणि तू बाहेर पडली नाहीस, तर माझं धरणं फुकट गेलं, वृषाली. फुकट!”

त्यांनी फासा टाकला. तो टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळत गेला आणि थांबला. सहा.

“पुढे हो.”

वृषालीने बाहुली उचलली नाही. तिने डोळे पुसले. खाली गल्लीत कुणी तरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होईना. अखेर तिने धनुष्यवाली उचलली, बिनचेहऱ्याच्या राणीच्या बाजूने नेली आणि दरवाज्याबाहेर ठेवली.

“उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं,” ती म्हणाली. “मी नेणार. ते काय म्हणतात ते मी ऐकणार, तुम्ही नाही.”

“हौ. आणि बुधवारी?”

“बुधवारी विमान आहे ना,” वृषाली म्हणाली आणि तोंड धुवायला मोरीकडे गेली.

रजनीताई चहाचं बघायला उठल्या. कुद्दूसभाईंनी पटावरच्या बाहुल्या एकेक करून खोक्यात भरायला घेतल्या. भालेवाला तेवढा त्यांनी उंबरठ्यावर राहू दिला. हिम्मतरावांचा उजवा हात टेबलावर होता, उजेडात, सगळ्यांसमोर. थरथरत होता. त्यांनी तो तिथेच राहू दिला.