पाय, भाजी

टेंपर्ड ग्लासवरची बारीक चीर नेमकी कनकलताकाकींच्या मेसेजवरून गेली होती, चिरेच्या अलीकडे एक शब्द, पलीकडे एक... कॉफीचा पेला डाव्या हातात धरून अनिरुद्धराव ते वाचत होता, म्हणजे वाचत नव्हता, नुसते डोळे फिरवत होता, कारण स्क्रीनगार्ड वर्षातून एकदा बदलावाच असं सगळ्या तंजावूरला सांगत फिरणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या फोनला चीर, याचंच त्याला हसू येत होतं. मेसेज तमिळ अक्षरांत होता. काल्, काय्. पाय, कच्ची भाजी. काकींचं बोट पुन्हा भलतीकडे पडलेलं दिसतंय. ऑटोकरेक्ट म्हणजे शेजारचा आगाऊ म्हातारा, विचारलं नसताना बोलतो – हे त्याचं ठरलेलं वाक्य. मग त्याने ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी ओठ हलवून, आणि ओठांतून काकींचा आवाज आला. काल काय जालें, सांगूं का रे अनिरुद्धा?

मराठी. तमिळ अक्षरांत मराठी. त्यात विशेष ते काय – साडेतीनशे वर्षांपूर्वी राजांबरोबर इकडे आलेली घरं, बोलायचं मराठी आणि शाळा तमिळ, देवनागरी वाचणारे आता हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. लिहायची वेळ आलीच तर अक्षरं उसनी. हे त्याला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? पण त्याने कॉफीचा पेला खाली ठेवला, कारण काल्-काय् ही जोडी त्याने याआधी पाहिली होती. एकदा नव्हे, शेकडो वेळा, एकाखाली एक.

तीन महिन्यांपूर्वी. काकींचे यजमान गुरुराजकाका जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते, आणि त्यांचा कॉम्प्युटर सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेत होता. काकींना चेन्नईच्या लेकीशी, साईप्रियेशी, मोठ्या पडद्यावर बोलायचं होतं, एवढंच. 'जुनी हार्डडिस्क म्हणजे बैलगाडी, काकी. एसएसडी घालतो, बघा कशी पळते.' हे सांगताना त्याला जो आनंद झाला होता तो आता आठवला आणि कान तापले. मग त्या फायली – जुन्या फाँटातल्या, उघडल्या की इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. दुसरा कोणी असता तर तिथेच सोडून देता, पण अनिरुद्धराव हुशार ना! फाँट ओळखला, बदलला, आणि पडद्यावर स्वच्छ तमिळ अक्षरं आली. काल् काय्. पाय, भाजी. पुढची फाइल, पाय, भाजी. त्याच्या पुढची, तेच. वर्षानुवर्षांच्या फायली, प्रत्येकीच्या डोक्यावर तेच दोन शब्द, आणि खाली ज्याला तमिळमध्ये काही अर्थ नाही असा मजकूर. व्हायरसच. तो मोठ्याने हसला होता... 'काकी, तुमच्या कॉम्प्युटरात कोणीतरी भाजीवाला शिरलाय!'

काकी स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी बाहेर येऊन विचारलं होतं, "खराब जालें का सगळें?"

"करप्ट झालंय. पण काळजी करू नका, कॉपी ठेवलीय पेनड्राइव्हमध्ये."

"तुज कळतें तें कर बाबा."

पेनड्राइव्हमध्ये फोटो होते, फक्त फोटो. कॉपी ठेवलीय हे तो सगळ्यांनाच सांगायचा. डॉक्टर 'काही नाही, बरं वाटेल' म्हणतात तसं, पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून.

आणि आता मेसेजची उरलेली ओळ. काल साईप्रियेचा फोन आला; बाबा रोज सकाळीं बसून आदल्या दिवसाचें लिहीत असत, तें तिला बाळास वाचून दाखवायचें आहे. अकरा वर्षांचें लिहिलेलें आहे. तूं ठेविलेलें संध्याकाळीं घेऊन ये.

कचेरीला जाताना ओरत्तनाडूच्या बसमध्ये त्याला खिडकी मिळाली, पण बाहेर त्याने काही पाहिलं नाही. काल काय जालें – काका असंच सुरू करत असणार. निवृत्त शाळामास्तर, अंघोळ झाली की खुर्चीत, एका बोटाने टकटक, अकरा वर्षं. काय लिहीत असतील? काल पाऊस आला नाही. काल कनकलतेनें सारांत मीठ जास्त घातलें. काल अनिरुद्ध येऊन प्रिंटर कसा घ्यावा यावर अर्धा तास बोलला... असेलच तेही. मला वाचता येत होतं. ही गोष्ट टोचत होती, बाकीचं एक वेळ सोसलं असतं. अक्षरं माहीत होती, शब्द माहीत होते, आईच्या पोटापासून माहीत होते, फक्त ते पडद्यावर असू शकतात असं मनातच आलं नाही. आपलं बोलणं चुलीपाशी आणि जेवताना. कॉम्प्युटरवर दिसलं तर तो व्हायरस.

कचेरीत शेजारच्या टेबलावरचा त्यागराज मोबाइलमध्ये दोन फोनांची चित्रं उघडून वाटच पाहत होता. मुलीला कॉलेजात घालायचंय, सार, यातला कोणता? एरवी हा अनिरुद्धरावचा सकाळचा नैवेद्य. मेगापिक्सेल मोजू नका, तो भोळ्यांचा बाजार, बॅटरी पाहा, स्मार्ट टीव्हीने माणूस स्मार्ट होत नाही, प्रिंटर गेल्या जन्मीचं पाप असल्याशिवाय घरात येत नाही – यावर लोक हसत, आणि आपण हसवतो यात त्याला शहाणपण वाटे. आज त्याने दोन्ही फोन पाहिले.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

त्यागराजला ही थट्टा वाटली. तो तसाच हसत उभा राहिला, आणि अनिरुद्धरावला आपल्या फायलीत डोकं घालावं लागलं.

जेवणाच्या सुट्टीत जिन्याखाली उभं राहून त्याने कॉम्प्युटरच्या दुकानात फोन लावला. जुनी डिस्क त्यानेच तिथे टाकली होती, तीही पुसून, कारण डेटा पुसल्याशिवाय डिस्क बाहेर जाऊ देऊ नये... पक्कं पुसायचं, एकावर एक तीनदा, वर हेही त्याने अनेकांना शिकवलेलं. दुकानदार म्हणाला, ते भंगार कधीच गेलं, सार. तुम्ही पुसलेलं म्हणजे कुणाला मिळणारही नाही. त्याच्या मते ही शाबासकी होती. अनिरुद्धरावने आभार मानले, आणि आभार मानल्याचीही लाज वाटली.

परतताना बसमध्ये त्याने वाक्यं जमवली. सेक्टर खराब झाले होते. फाइल सिस्टिम गेली होती. रिकव्हरीचा प्रयत्न केला. तीन वाक्यं, तिन्हींत खोटं वेगवेगळ्या मापाचं, आणि तिन्हींत तो स्वतः कुठेच नाही. ती उच्चारून पाहताना त्याला बरं वाटत गेलं, आणि बरं वाटतंय हे लक्षात आल्यावर त्याने ओठ मिटून घेतले.

काकींनी टेबल पुसून ठेवलं होतं. कॉम्प्युटर चालू होता, झटकन सुरू झालेला, त्याच्याच कृपेने. खुर्ची त्याच्यासाठी ओढलेली.

"बैस. कॉफी घेतोस का आधीं? मजही एक पान वाचून दाखीव. त्यांनी कधीं वाचूं दिलें नाहीं, म्हणायचे, तूं तर होतीसच तेथें, तुज कशाला."

तो बसला नाही. "काकी, ते... डेटा करप्ट झाला होता ना, मग डिस्क ओव्हरराइट झाली. बॅकअप पण फेल झालाय."

काकींनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"मज कळेना तें. आपल्यांत सांग."

आपल्यात. या भाषेत त्याने जेवायला मागितलं होतं, भांडला होता, काकांच्या तिरडीपुढे आईला हाक मारली होती. कॉम्प्युटर या भाषेत कधी बोललाच नव्हता. त्याने शब्द शोधले, साधे मिळाले.

"गेलें, काकी. सगळें गेलें."

"कोठें गेलें?"

त्या खरंच विचारत होत्या. एखादी वस्तू जाते म्हणजे कुठेतरी जाते, आणि गेलेली आणता येते. मग त्यांनी दुसरा प्रश्न केला, तितक्याच साधेपणाने. "कोणी नेलें?"

इथे दुसरं दार नव्हतं. दिवसभर जमवलेल्या एकाही वाक्याचं आपल्यात भाषांतर होत नव्हतं. होत होतं ते एकच, तीन-चार शब्दांचं, आणि ते वाक्य त्याच्यापासूनच सुरू होत होतं. भीती होतीच. पण आपण पकडले जाऊ नये असं जे सकाळपासून आत धडपडत होतं, ते थांबलं होतं. काकींनी आपल्याला पकडावं, त्यांनीच, या चष्म्यातून, असं वाटत होतं, आणि हे वाटणं लाजेहून वाईट की बरं ते ठरवता येत नव्हतं.

"मी," अनिरुद्धराव म्हणाला.

काकी पुढच्या शब्दासाठी थांबल्या. पुसलें. तो शब्द मला येत होता.