संशयी बाक आणि आल्बर्टाची पाहुणी

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. कुणी माझ्यावर येऊन बसले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, याला काय हवे असेल? बसणारा अगदी कडेला टेकला तर तो काहीतरी मागायला आलेला असतो. ऐसपैस बसला तर समजावे, त्याने ते आधीच घेतलेले आहे.

आमच्या लुईस बेटावर झाडे नाहीत. वारा त्यांना उभे राहू देत नाही. इथे लाकूड हवे असेल तर माणसे समुद्राकडे बघतात. मीही एका फुटलेल्या जहाजाची फळी होतो. भरतीने मला वाळूवर टाकले आणि होड्या बांधणाऱ्या एका म्हाताऱ्याने खांद्यावर टाकून घरी नेले. त्याला सारे गाव होडीवालाच म्हणे. त्याच्या लेकीचे, कर्स्टीचे, लग्न ठरले होते. त्याने मला रंधा मारला, चार पाय दिले, टेकायला पाठ दिली, आणि मी कर्स्टीच्या पाठोपाठ मॅकआयव्हरांच्या घरी आलो. तेव्हापासून मी याच घरात आहे.

त्या काळी शेगडीत माळावरून कापून आणलेली पीट, म्हणजे दलदलीतली वाळलेली माती, जळत असे आणि धूर माझ्या अंगात मुरत असे. येईल तो माझ्यावर बसे. बसला की घरातले त्याला पहिला प्रश्न विचारत, तू कुणाचा? मग त्याने बापाचे, आजोबाचे, पणजोबाचे नाव सांगायचे. तेवढे पटले की चहा. समुद्रावरून आलेल्यांनी मात्र आमच्या घराचे कधी भले केल्याचे मला आठवत नाही. जमीनदाराचा कारभारी आला, तो खंड वाढवून गेला. लोकरीचा व्यापारी आला, तो भाव पाडून गेला. आता मी स्वतः समुद्रावरूनच आलो हे खरे, पण मी निदान बसायच्या उपयोगी पडलो.

आमच्याकडची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचे नाव द्यायचे आणि दुसऱ्याला आईच्या बापाचे. त्यात कुणाची आवडनिवड चालत नाही. त्यामुळे गावात तीच मूठभर नावे फिरत राहतात आणि एकाला हाक मारली की अर्धे गाव वळून बघते. मग ओळखायला टोपणनावे आली. कुणी बटाट्या, कुणी कोकरू, कुणी होडीवाला. टोपणनाव एकदा चिकटले की खरे नाव पाद्र्यापुरते उरते.

कर्स्टीला तीन मुलगे झाले आणि तिघेही मला धरूनच उभे राहायला शिकले. थोरला डोनल्ड. मधला सदानकदा ओहोटीच्या खडकांत हात घालून बसायचा, म्हणून तो खेकडा. धाकटा मर्डो. पुढे डोनल्ड हेरिंग मासळीच्या होडीवर गेला आणि वादळात होडीसकट बुडाला. त्याच वर्षी खेकडा कॅनडाच्या जहाजात चढला. बाप नॉर्मन त्या संध्याकाळी माझ्यावर बसून म्हणाला, "एक समुद्रानं नेला. दुसरा आपल्या पायानं चालता झाला. आजपासून या घरात त्याचं नाव काढायचं नाही." आणि खरोखरच कुणी काढले नाही. कर्स्टी तेवढी दाराकडच्या बाजूला तासन् तास बसून राही. तिचे मला फार वाईट वाटे.

मर्डोने घर नवे बांधले, सिमेंटचे. त्यात मऊ सोफा आला आणि माझी रवानगी गोठ्यात झाली. ज्याच्यावर पाद्री बसत त्याच्यावर कोंबड्या झोपू लागल्या, आणि कोंबड्या नुसत्या झोपत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहेच. ती वर्षे मी कशी काढली ते माझे मला माहीत. शेवटी मर्डोची मुलगी डोलिना घरात एकटी उरली. सोफ्यावरून उठताना तिचे गुडघे दुखत, म्हणून तिने मला सोड्याच्या पाण्याने घासून पुन्हा स्वयंपाकघरात आणले. एकदा एडिंबराचा जुन्या वस्तूंचा एक व्यापारी मला बघून 'वा, वा' म्हणाला. माझी स्तुती करणारा तो पहिलाच. डोलिनाने त्याला चहासुद्धा विचारला नाही. त्या दिवसापासून ती मला फार आवडते. तीही माझ्यासारखीच आहे.

एका गुरुवारी शेजारची पेगी एका परक्या बाईला घेऊन आली. पेगी मागची खोली प्रवाशांना भाड्याने देते. बाई चाळिशी ओलांडलेली, अंगात लालभडक जाकीट. आल्या आल्या तिने माझा फोटो काढला आणि मग अगदी कडेला टेकली. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"कुणाच्या तुम्ही?" डोलिनाने विचारले.

"मी ग्लेंडा मॅकआयव्हर. कॅनडातून आले, आल्बर्टाहून. माझे आजोबा याच घरातले. डोनल्ड. नॉर्मन आणि कर्स्टीचा मुलगा. कॉम्प्युटरवर शोधत होते कित्येक वर्षं, तेव्हा कुठे सापडलं."

"कॉम्प्युटरवर," डोलिना म्हणाली.

"हो."

"डोनल्ड माझा काका. तो बुडाला. लग्नसुद्धा झालं नव्हतं त्याचं. बुडालेल्या माणसाला नातवंडं कशी होतात, ते जरा सांगता का मला?"

ग्लेंडाचा चेहरा उतरला. पेगी आमच्या भाषेत, म्हणजे पाहुणीला कळू नये अशा बेताने, म्हणाली, "वरच्या आळीत नव्हता का उगवला एक भाऊ, ऑस्ट्रेलियाहून? पहिल्या दिवशी गळ्यात पडून रडला आणि दुसऱ्या दिवशी विचारतो, जमीन कुणाच्या नावावर आहे!"

"मग तू हिला खोली कशाला दिलीस?"

"अगं, खोली वेगळी आणि नातं वेगळं."

ग्लेंडाला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. ती म्हणाली, "मला काही नको आहे हो. माझे बाबा इस्पितळात आहेत. थोडेच दिवस आहेत, डॉक्टर म्हणतात. आजोबा त्यांना नेहमी सांगायचे, तिकडे आपलं कुणीतरी आहे. आजोबांनी पत्र कधी लिहिलं नाही, का ते सांगितलंही नाही. बाबांना त्या कुणातरीचा आवाज ऐकायचाय. एकदा फोनवर बोलाल का?"

मला वाटले, हे भलतेच गोड आहे. इथे कुठेतरी पाणी मुरतेय. कॅनडाला गेला तो खेकडा, आणि ही तर डोनल्डचे नाव सांगतेय. डोलिनालाही तेच वाटले असणार. ती म्हणाली, "मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलू? मी त्यांची कुणी नाही. चर्चमागं दगड आहे डोनल्डचा, जाऊन बघा."

ग्लेंडा शुक्रवारी जाऊन दगड बघून आली. त्यावर डोनल्डचे नाव होते, नॉर्मनचे होते, आणि समुद्रात हरवला एवढेच कोरलेले होते. "तिथं बसून रडत होती," पेगीने येऊन बातमी दिली. "पण रडण्याचं काय, रडता मलाही येतं."

"सोमवारच्या बोटीनं जाते ना?"

"जाते. पैसे चुकते केलेत."

"मग झालं," डोलिना म्हणाली. पण त्या दिवशी तिने भांडी दोनदा घासली.

रविवार उजाडला. आमच्याकडे रविवार देवाचा, त्या दिवशी कुठलेच काम करायचे नाही; बोट सुटत नाही, दोरीवर कपडा दिसत नाही, बटाटेसुद्धा शनिवारीच सोलून पाण्यात ठेवतात. डोलिनाने जन्मात कधी रविवारी फोन उचलला नव्हता. चर्चहून आल्यावर पेगी खाऱ्या मटणाचे सूप प्यायला माझ्यावर येऊन बसली. तिच्या लेकीला दुसरा मुलगा झाला होता, पण पेगीच्या तोंडावर आनंद दिसेना.

"काय सांगू, डोली! जावयाचा बाप कॅलम आणि आमच्या घरातलाही कॅलमच. थोरल्याचं नाव कॅलम ठेवून झालं. आता या धाकट्याचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? कॅलमच ठेवायचं."

"एका घरात दोन?"

"मग काय तुझ्या नवऱ्याचं नाव बुडवायचं? पूर्वी असायचेच की घराघरात दोन दोन. एक मोठा, एक छोटा, नाहीतर टोपणनाव..."

डोलिना बोलता बोलता थांबली. चमचा हातातच राहिला.

"काय गं झालं?" पेगीने विचारले.

"पेगी, माझ्या आजोबांचा बाप डोनल्ड. म्हणून थोरला काका डोनल्ड. मग दुसऱ्याला आजीच्या बापाचं नाव मिळायला हवं. होडीवाल्याचं खरं नाव काय होतं?"

"मला काय ठाऊक? होडीवाला!"

"दगडावर आहे त्याच्या. मी दर वर्षी शेवाळ काढते. डोनल्ड." डोलिनाचा आवाज बारीक झाला. "खेकडा म्हणून एक काका निघून गेला, एवढंच मी ऐकलं होतं. त्याचं खरं नाव काय, तो गेला कुठं, हे या घरात कुणी काढलंच नाही, म्हणून मी कधी विचारलंही नाही. माझी आजी बापाचं नाव न ठेवता गप्प बसली असती होय? खेकडा म्हणजेच डोनल्ड. दोन होते, पेगी. एक बुडाला आणि एक गेला."

मित्रांनो, दोघेही माझ्या अंगाखांद्यावर वाढले, पण मधल्याला खेकड्याशिवाय दुसरी हाक मी कधी ऐकलीच नव्हती. आल्बर्टात समुद्र नाही. तिथे त्याला खेकडा कोण म्हणणार? तिथे त्याला डोनल्डच व्हावे लागले.

डोलिना सपाता घालूनच पेगीच्या घरी गेली आणि ग्लेंडाला हाताला धरून घेऊन आली. मग तिने फोन पुढे ओढला. पेगी घाबरली.

"डोली, रविवार आहे गं! गाव काय म्हणेल?"

"दयेचं काम रविवारी चालतं. नसेल चालत तर वर गेल्यावर माझं मी बघून घेईन. लाव गं ग्लेंडा."

तिकडे नुकती सकाळ झाली होती. परिचारिकेने फोन म्हाताऱ्याच्या कानाला लावला. आता डोलिना विरघळेल असे तुम्हाला वाटेल. छे! तिने आमच्या भाषेत रोखठोक विचारले, "मी डोलिना, मर्डोची. तुम्ही खरंच या घरातले असाल तर एक सांगा. तुमच्या वडिलांना इथं काय म्हणायचे?" मला तिचा अभिमान वाटला. हा प्रश्न कॉम्प्युटरला येण्यासारखा नव्हता.

फोनचा आवाज मोठा केलेला होता, म्हणून मलाही सगळे ऐकू येत होते. ग्लेंडा माझी कड घट्ट धरून बसली होती. मग पलीकडून एक क्षीण हसू आले आणि म्हातारा आमच्याच भाषेत, अडखळत, म्हणाला, "खेकडा. पण ग्लेंडाला सांगू नका. बाबांनी बजावलं होतं, ही गोष्ट घराबाहेर जायची नाही."

"अरे, घराबाहेर कुठं गेली?" डोलिना म्हणाली. "घरीच तर आलीय."

मग ती रडली, आणि तो रडला, आणि पेगी उगाचच सूप ढवळत राहिली. तुझे नाव काय, डोलिनाने विचारले. नॉर्मन, तो म्हणाला. ज्या बापाने नाव काढू दिले नाही, त्याचेच नाव खेकड्याने आपल्या पहिल्या मुलाला दिले होते. रीत ती रीत. त्याला दम लागेपर्यंत दोघे बोलले, आणि शेवटी तो म्हणाला, "उद्या पुन्हा कर." डोलिना म्हणाली, "करते रे."

पण सोमवारी त्याला शुद्ध नव्हती. ग्लेंडा घरी पोचली तेव्हा तो श्वास तेवढा घेत होता, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला.

आमच्याकडे कुणी गेले की संध्याकाळी त्याच्या घरी प्रार्थना होते. डोलिनाने पडदे ओढले आणि किटली चढवली. पण जो माणूस या बेटावर कधी पाऊल टाकू शकला नाही, त्याच्यासाठी कोण येणार? ती आपली दोन कप मांडून बसली, एक स्वतःला आणि एक पेगीला. मलाही वाटले, कुणी यायचे नाही. या गावाला मी चांगला ओळखतो.

मग दाराशी पावले वाजली. शेजारचे आपापल्या घरचे बाक खांद्यावर घेऊन आले. वरच्या आळीचे आले, पीट कापणारे आले, वाकून चालणारे म्हातारे आले. स्वयंपाकघर भरले, मग पडवी भरली. चर्चच्या वडीलधाऱ्याने टोपी काढली आणि म्हणाला, "आज आपल्यातला एक गेला. नॉर्मन, खेकड्याचा मुलगा, या घरातला." माझ्यावर इतकी माणसे दाटीवाटीने बसली होती की माझे पाय करकरले. त्यांतल्या एकानेही त्याला पाहिले नव्हते. तरी सगळे त्याच्यासाठी स्तोत्र गात होते.

मित्रांनो, जुने बाक गोठ्यात टाकू नका, त्यांना कोंबड्यांपासून जपा, हे तर मी सांगणारच. पण आणखी एक सांगतो. दारात परका माणूस आला तर त्याच्यावर संशय घ्या, खुशाल घ्या, मी अजूनही घेतो. मात्र तो घेऊन झाला की त्याच दिवशी नीट चौकशी करा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. डोलिना आणि नॉर्मन आयुष्यात एकदाच बोलले. ग्लेंडा माझ्यावर गुरुवारी येऊन बसली होती.