दादाचा गुडघा

धाकटीनं कात्री उचलली आणि सोफ्याच्या तयार पाठीची शिवण टराटरा उसवायला घेतली. गिऱ्हाईक दुकानाच्या दारातनं एवढंच म्हणालं होतं, "मागच्या खेपेचं काम जास्त देखणं होतं." म्हणालं आणि गेलं. पण धाकटीच्या डोक्यात ठिणगी पडायला तेवढं पुरे.

"तू का नाही बोललास त्याला? तुलाही मी नकोच आहे! सांग तसं, कायमची जाते!"

एरवी दादानं धाकट्या बहिणीच्या हातापाया पडून बघितलं असतं, नाहीतर तिच्यावर आवाज चढवला असता. दोन्हीचा शेवट एकच. ती गायब, आणि याच्या घशाखाली घास उतरत नाही. आज त्यानं हातोडी खाली ठेवली.

"तू मला हवी आहेस. कात्री ठेव, मग बोलू. मी मागं चहा टाकतो, कुठं जात नाही."

मागं आल्यावर मात्र निम्मी साखर ओट्यावर सांडली. हे बोलणं तो दर मंगळवारी समुपदेशक बाईंकडे शिकायचा. धाकटीच्या असल्या वागण्यामागं व्यक्तिमत्त्व विकार असू शकतो, त्याला इलाज असतो, हे त्यांनीच पहिल्या भेटीत सांगितलं होतं. धाकटीपुढं डॉक्टरचं नाव काढलं तेव्हा तिनं कपाट पालथं केलं. "मी वेडी नाही!" मग दादाच दर आठवड्याला जाऊ लागला. तिला सांगितलं, गुडघा दुखतोय. जाताना थोडं लंगडायचाही.

चहा घेऊन तो आला, तर कात्री फळीवर आणि धाकटी सुई ओवत बसलेली.

"दादा, गुडघा कुठला दुखतो रे तुझा?"

"डावा."

"गेल्या मंगळवारी उजव्या पायानं लंगडत होतास."

दादानं कप तिच्यापुढं ठेवला.

"मागोमाग आले होते मी. पाटी वाचली." सुई कापडात गेली, बाहेर आली. "माझी गाऱ्हाणी सांगतोस ना तिथं?"

आता खोटं बोललं तर संपलंच, हे दादाला कळलं.

"तुझी नाही. माझं कुठं चुकतं ते विचारतो."

"मी तिथं पाऊल टाकणार नाही."

"मी कुठं म्हटलं, चल?"

धाकटीनं दोरा ओढून गाठ मारली.

"सुधारलायस जरा," ती म्हणाली. "पूर्वी नुसता बोंबलायचास."

शिवण अशी बसली की बोट फिरवलं तरी लागेना. संध्याकाळी गिऱ्हाईक सोफा न्यायला आलं आणि बघतच राहिलं.

"कुणी केलं हो हे?"

"आमच्या धाकटीनं!" दादा म्हणाला, चार दुकानं पलीकडं ऐकू जाईल असा.

मंगळवारी तो चपला घालत होता. धाकटीनं कामातनं मान वर केली नाही.

"जा. दुकान मी बघते. गुडघ्याचं औषध मध्येच सोडू नये."

"बरं."

"आणि डावा लंगडव, डावा!"

दादा डावा पाय ओढत, छाती काढून, भर रस्त्यानं निघाला.