लिंबूटिंबू

पिटी तीन वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून शब्द म्हणून फुटत नव्हता. कान ठणठणीत, जीभ ठणठणीत, फक्त बोलणं नाही. आई शाळांचे गणवेश शिवायची आणि मशीन चालवता चालवता तिच्यापुढे चित्रांची कार्डं नाचवायची. हत्ती म्हण, छत्री म्हण. पिटी भलीमोठी जांभई द्यायची.

डॉक्टरीणबाईंनी शेवटी विचारलं, ही घरात खेळते काय? काहीच नाही, आईने सांगितलं, आणि वर अभिमानाने सांगितलं. बाई बघतच राहिल्या. एवढंसं पोर खेळता खेळताच बोलायला शिकतं, आपली पाळी येईस्तोवर थांबायला शिकतं. तुम्ही तिची खरी शाळाच बंद ठेवलीये, म्हणाल्या. आई रस्ताभर धुसफुसत होती. पंधरा वर्षांची ताई मागून चालत होती. तिलाही लहानपणी कार्डंच मिळाली होती, पण ती पोपटासारखी बोलायला लागली होती, त्यामुळे खेळाशिवायही पोर बोलतं, हे आईचं म्हणणं खोडायची सोयच नव्हती.

दुसऱ्याच दिवशी दुपारी आतल्या खोलीतून हसू ऐकू आलं. ताईने डोकावलं. पिटी गणवेशांच्या गठ्ठ्यांत बसली होती. तिने दोऱ्याचं रिकामं रीळ पलंगाखाली घरंगळत सोडलं. रीळ परत आलं. पुन्हा सोडलं. कुणीतरी आधी हातात घोळवावं तसं जरा थांबून, परत आलं.

ताई आत येऊन गुडघ्यांवर बसली. जमीन उतरती असेल म्हणून तिने स्वतः एक सोडून पाहिलं. ते गेलं ते गेलंच.

पिटी खुदकन हसली, पलंगाखाली बोट दाखवलं आणि आयुष्यातला पहिला शब्द बोलली.

"लिंबूटिंबू."

दारात आईच्या हातातली कात्री खाली पडली. हा शब्द या घरात कुणी उच्चारलेलाच नव्हता. ताईने तो मैदानावर ऐकला होता: इतका लहान भिडू, की त्याला खेळात घेतात, पण त्याच्यावर राज्य येत नाही. तो धरलाच जात नाही.

"माझा भाऊ," आई मटकन खाली बसली. "लपाछपी चालली होती. मी तापाने घरी होते. सगळे सापडले, पोरं आपापल्या घरी गेली. लिंबूटिंबूला शोधायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही गं. तो पेटीत लपला होता. झाकण आतून उघडेना."

म्हणजे ताईला एक मामा होता. पिटीएवढा मामा.

आईने झटकन पिटीला उचललं आणि दाराकडे वळली. पिटीचं हसू विझलं, ओठ पुन्हा घट्ट मिटले.

"नेऊ नकोस," ताई म्हणाली. "आत्ता नेलंस तर ही परत बोलायची नाही. आणि आई, तो अजून वाट बघतोय."

आईने पलंगाखालच्या अंधारात एकदा पाहिलं. मग तिने पिटीला खाली सोडलं, भिंतीकडे तोंड केलं, डोळे हातांनी झाकले. "सगळ्यांना शोधणार आहे," ती भिंतीलाच म्हणाली, आणि मोजू लागली.

पिटी मशीनखाली घुसली. तिचे पाय बाहेर दिसत होते. ताई मात्र खोलीच्या मधोमध ठोंब्यासारखी उभी. कुठे लपायचं, कसं लपायचं, तिला काही म्हणता काही सुचेना.

तेवढ्यात एका गार, इवल्याशा मुठीने तिचं बोट पकडलं आणि तिला हलकेच पडद्यामागे ओढलं.