चंद्रावती बाई बेडूक होतात

चंद्रावती बाईंचा पाढ्यांवर भारी जीव. हमरापूरजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी एकोणतीस वर्षं पोरांकडून रोज सकाळी पाढे म्हणवून घेतले. तेही असे खणखणीत, की शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातल्या बायका सतराच्या पाढ्यावर सोंडा रंगवायच्या.

अशा बाईंना रोह्याच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं. विषय : आनंददायी शिक्षण.

"म्हणजे इतकी वर्षं मी काय दुःख वाटत होते?" असं पुटपुटतच त्या पेणहून गाडीत बसल्या.

रोह्याच्या हॉलमध्ये शिकवायला उभा होता निकेश. बाईंच्याच हाताखाली चौथी शिकलेला. दाढी वाढवलेली, गळ्यात ओळखपत्र. बाई दिसताच त्याच्या हातातला माईक खाली आला.

"बाई, तुम्ही?"

"हो. शिकव."

निकेशनं फरशीवर खडूनं शून्य ते तीस आकडे लिहिले होते. प्रत्येक शिक्षकानं बेडूक व्हायचं आणि तीन-तीन घरं उड्या मारत तीनचा पाढा करायचा. बाईंची पाळी आली तसा तो घाईनं म्हणाला, "बाई, तुम्ही बसा. गुडघे..."

"गुडघ्यांची चौकशी नको. बेडूक सगळ्यांनी व्हायचंय ना?"

बाईंनी निऱ्या सावरल्या आणि मारल्या उड्या. टाळ्या पडल्या. मग घोटभर पाणी पिऊन त्यांनी विचारलं, "पाठांतरानं मुलं घाबरतात, असं मघाशी सांगत होतास. तू घाबरलास काय रे?"

निकेश खाली बघत म्हणाला, "बाई, अजून स्वप्नात येतं."

"काय, सतराचा पाढा?"

"नाय बाई. तुम्ही."

हॉल खो खो हसला. बाईही हसल्या, पण परतीच्या गाडीत ते 'तुम्ही' पेणपर्यंत कानात वाजत राहिलं. पोरं आपली आठवण काढत असतील, एवढं त्या धरूनच चालल्या होत्या. ती अशी घाम फुटून काढत असतील हे कधी मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात आकडे काढले, शून्यावर उकिडव्या बसल्या आणि टुणकन तीनवर गेल्या. पोरं चिडीचूप.

शेवटी काळू हळूच म्हणाला, "बाई, पोटात दुखतंय काय तुमच्या?"

"बेडूक झालेय मी, मेल्या!"

कुठूनतरी एक फुसकं हसू सुटलं, आणि मग बांध फुटावा तसा सगळा वर्ग. बाई सहावर गेल्या, नऊवर गेल्या. चौथी उडी दमून तोकडी पडली, आणि त्या अकरावर बसल्या.

"अकरा नाय बाई. बारा."

बाईंनी वळून पाहिलं. बोलली होती सोनी. वाडीवरची पोर. पाढ्यांच्या वेळी दोन वर्षं नुसते ओठ हलवणारी, बाईंनी 'हिच्या डोक्यात शिरत नाही' म्हणून सोडून दिलेली.

"तुला गो कसं कळलं?"

"तीन घरं पुढं जायचं व्हतं. तुम्ही दोनच गेलात." मग जरा थांबून, मान ताठ करून सोनी म्हणाली, "चुकलात. परत पयल्यापासून."

पोरं एकदा सोनीकडे, एकदा बाईंकडे बघू लागली. बाईंना असं आजवर कुणी बोललं नव्हतं, तपासणीला येणाऱ्या साहेबांनीही नाही.

"बरं," असं म्हणून बाईंनी पदर खोचला आणि गुडघे धरत धरत शून्यावर जाऊन बसल्या.