न विझणारी कांडी

गिरणीच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध दोन शेगड्या. डावीकडे थोरल्या जावेच्या मशीनवर दाबलेली भुशाची जळणाची कांडी धुरकटत, ढासळत होती. उजवीकडे गावात आलेल्या एका बाबांची मंतरलेली कांडी सकाळपासून लालबुंद.

"पेटताना धूर आला तो भुशातल्या पापाचा!" बाबा गरजले. "आता पुण्य जळतंय. पुण्य धुरकटत नाही."

"नाहीतर आमची थोरली," सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं मशीन घरघरतंय, डोळे चोळायचं काही थांबलं नाही."

बाबांना आणलं होतं धाकट्या जावेने. कालपर्यंत जिला साधी चाळणी धरता येत नव्हती, ती आज बाबांशेजारी खुर्चीवर, आणि लोक "ताई, ताई" करत भोवती. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

बाबांचा व्यवहार सोपा होता. गाडीभर भुसा अर्पण करा, चिमूटभर सिद्ध पूड न्या. पूड भुशात महिनाभर मुरवली की घरोघरी अशाच कांड्या. "तुमचा कचरा मी उचलतो, वर पूडही देतो!" बाबांचा ट्रक भरू लागला. हाच भुसा थोरली आजवर फुकट उचलायची. आता तिचं मशीन उपाशी राहणार होतं.

दुपारी लोक जेवायला पांगले. बाबांच्या कांड्यांची टोपली ओट्यावरच होती. थोरलीने पाण्याची भरलेली बादली टोपलीवर ओतली. शोध वगैरे लावायचा नव्हता. धाकटीची फजिती बघायची होती, बस.

भुशाची कांडी पाण्यात फुगून विरते. याही विरल्या. पण प्रत्येकीच्या पोटात काळा गोळा शाबूत राहिला. लाकडी कोळसा! भुशाचं नुसतं वरून लिंपण.

थोरली मनातल्या मनात नाचली, मग थबकली. सांगायचं तर पाणी कुणी ओतलं, तेही सांगावं लागणार. गप्प बसावं तर ट्रक जाणार.

लोक परतले. "कांड्या कुणी नासवल्या?" धाकटी किंचाळली.

"मी."

"इतक्या जळता माझ्यावर, जाऊबाई?"

"जळते. उद्याही जळेन. पण आधी हे बघ." थोरलीने काळा गोळा तिच्या तळहातावर ठेवला आणि बाबांकडे वळली. "माझ्या भुशातून, सगळ्यांसमोर, अशी एक कांडी करून दाखवा."

"आज मुहूर्त नाही."

"भुसा न्यायला तेवढा आहे?"

लोक हसले. धाकटी मात्र तडक ट्रकच्या चालकाकडे गेली. "हा भुसा कुठे नेताय?"

"कारखान्याच्या बॉयलरला. तिथे रोख भाव मिळतो की!"

बाबांच्या कोळशाच्या दहा-बारा गोळ्यांनी ट्रकभर माल ओढला होता. बोटांत चोळून पाहिली, तर पूड म्हणजे चुलीतली राख.

"वहिनी," ट्रकमधला आपला भुसा उतरवत एक शेजारी म्हणाला, "मग उद्यापासून तुम्हीही भाव द्यायचा."

थोरलीचा चेहरा पडला. पण हिशेब चुकीचा नव्हता. "देईन," ती म्हणाली.

कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी त्यावर बादलीभर पाणी ओता. आणि आपला कचरा फुकट न्यायला कोण आलंय, तेही विचारा.