राजाबाईचा नंबर

टँकर चारला यायचा, आणि पालिकेची सभाही नेमकी चारलाच. रबाळ्याच्या कंपन्यांमागच्या वस्तीत सकाळपासून हाच विषय. नळ कुठे बसवायचे हे ठरवण्याआधी नवी पालिका वस्तीला विचारणार होती. आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. नकाशात नळ मोठ्या रस्त्यापलीकडे होते. बायकांना ते वस्तीच्या मधल्या मोकळ्या जागेत हवे होते. भरला हंडा डोक्यावर घेऊन ट्रेलरांच्या गर्दीतून वाट काढायची म्हणजे जिवाशी खेळ. पण त्या जागेत गणपतीचा मांडव पडायचा, म्हणून मंडळाचे अध्यक्ष शहाजीराव नळ रस्त्यापलीकडेच बसावेत या मताचे. बायका सभेला गेल्या नाहीत, तर ते म्हणतील तेच होणार होतं.

"पाणी सोडावं का बोलणं सोडावं, तुम्हीच सांगा दाजी," शेजारची वैजयंती म्हणाली.

हौसेराव तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याची पोती वाहायचा. त्याची राजाबाई पावसाळ्याआधी तापानं गेली. वैजयंती तिला आक्का म्हणायची, म्हणून हा दाजी. ती गेल्यापासून बायकांच्या रांगेत हंडा घेऊन उभा राहणारा वस्तीतला तो एकटाच पुरुष. नळ मधल्या जागेतच हवा, हे आधी राजाबाईनंच काढलं होतं. अंथरुणातही तिचं तेच चाललेलं.

"तुम्ही समद्या जावा," हौसेराव म्हणाला. "हंडे रांगेत लावा अन् जावा. पाणी मी भरतो."

"एवढ्या घरांचं? एकटे?"

"आमची टोळी हाय की."

वस्तीचा एक नियम होता. हंडा रांगेत ठेवला की बाई तिथं उभी आहे असं धरायचं. त्याला दुसऱ्यानं हलवायचं नाही. हौसेरावनं राजाबाईचा पितळी हंडा बाहेर आणला, पण रांगेत लावला नाही. वैजयंतीच्या कडेवर दिला.

"हिचा नंबर तिकडं सभेत लाव."

टँकर आला. हौसेरावनं पाइप धरला. नामा आणि मार्केटातले बाकीचे गडी हंडे उचलायला लागले. त्यांना सवय पोत्यांची. भरला हंडा उचलायचा आणि भिंतीशी रचायचा, खाली मोठे, वर लहान.

"अरं नामा, थप्पी काय लावतोस? बायका मारतील."

"मारू दे. पडला का एक तरी?"

तेवढ्यात मंडळाच्या खोलीतून सगळी सभाच जागा बघायला बाहेर पडली. पुढं पालिकेचे साहेब, मागं शहाजीराव, आणि बायकांचा घोळका. वैजयंती तरातरा मोकळ्या जागेच्या मधोमध गेली आणि हंडा खाली ठेवला.

"साहेब, नळ इथं."

"अगं मांडव कुठं घालायचा मग?" शहाजीराव म्हणाले. "उचल तो हंडा."

"मांडव दहा दिवसांचा असतो भावजी. तहान रोजची."

"मीच उचलतो."

ते वाकले, तशी त्यांची स्वतःची बायको पदर खोचून पुढं आली. "हात लावून बघा. आक्का उभी हाय तिथं."

शहाजीराव वाकलेले होते, तसेच थांबले. नंबर मोडणाऱ्या माणसाशी या वस्तीत कुणी बोलत नसे, आणि हा नियम मंडळानंच घालून दिलेला. सरळ होऊन त्यांनी हात मागं घेतले.

"हंडा कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

"ज्यांनी ही जागा सुचवली त्यांचा. त्या न्हाईत आता," वैजयंती म्हणाली. "पण जागा त्यांचीच धरलीय."

साहेबांनी रस्त्याकडं पाहिलं. दोन ट्रेलर हॉर्न देत गेले. मग त्यांनी नकाशावर पेन्सिलनं काट मारली आणि शिपायाला चुना आणायला सांगितलं. हंड्याभोवती पांढरं रिंगण पडलं.

"हौश्या, पाणी!" नामा ओरडला. पाइप केव्हाचा मातीत वाहत होता.

बायका धावत आल्या त्या आनंदानं, आणि थप्पी बघून कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या.

"ह्यात माझा कुठला?"

"वरून चौथा बघ."

"दाजी, तुमचा हंडा आणू का?" वैजयंतीनं विचारलं.

हौसेरावनं ओला हात शर्टाला पुसला. "नको. मी जातो भरायला." आणि टँकरातलं उरलंसुरलं पाणी बादलीत घेऊन तो रिंगणाकडं जवळजवळ पळतच निघाला.